पाटाचे पाणी आणि आभाळाचा हिशेब

उन्हाळ्यात अंगणात सडा मारला की गारवा येतो आणि पाटाला पाणी सोडले की शिवार थंड वाटते. हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि खराही. पण हाच सडा लाखो हेक्टरवर, तोही महिनोन्‌महिने पडू लागला तर गोष्ट गारव्यापाशी थांबत नाही. हवेतला दमटपणा वाढतो, वाऱ्यांची चाल बदलते आणि पाऊसही जागा बदलू शकतो. सिंचनाच्या आणि नदीजोडच्या मोठ्या योजना आखणाऱ्यांनी हा हिशेब अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

पाऊस वरून खाली येतो, एवढेच आपण शाळेत शिकतो. खालची जमीन वरच्या पावसाला घडवते, ही अर्धी बाजू विज्ञानानेही उशिराच मांडली. पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळवणारे स्युकुरो मनाबे यांनी १९६९ मध्ये हवामानाच्या मॉडेलमध्ये जमिनीला जागा दिली, ती एका साध्या बादलीच्या रूपात. प्रत्येक चौकटीतली जमीन म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी मावणारी बादली. पाऊस पडला की ती भरते, ऊन पडले की आटते, भरून वाहिली की पाणी नदीला जाते. आजच्या मॉडेलांत मातीचे थर, मुळांची खोली, पानांची रंध्रे असे सारे आले असले तरी मूळ प्रश्न तोच आहे: जमिनीवर पडलेल्या उन्हाचे होते काय? माती ओली असेल तर बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कोरडी असेल तर तीच उष्णता थेट हवा तापवते.

माती आणि पाऊस यांचे हे नाते सगळीकडे सारखे घट्ट नसते. सुमारे डझनभर मॉडेल एकत्र चालवून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जगात ते सर्वांत घट्ट कुठे आहे हे शोधले. उत्तर अमेरिकेचा मध्यभाग आणि आफ्रिकेतील साहेल यांच्याबरोबर भारताचेही नाव त्यात होते. म्हणजे जमिनीत ढवळाढवळ केली तर आभाळातून उत्तर येण्याची शक्यता जिथे अधिक, अशा प्रदेशात आपण राहतो.

याचा पहिला फटका थेट शरीराला बसतो. गांधीनगरच्या आयआयटीतील संशोधकांच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सिंचनामुळे जमिनीचे तापमान सुमारे एक अंशाने आणि हवेचे अर्ध्या अंशाने उतरले. पण त्याच अभ्यासात दमट उष्णतेचा ताण मात्र वाढलेला दिसला. कारण सोपे आहे. तापलेली जमीन हवेला वर ढकलते आणि हवेचा थर उंच होतो. गार जमिनीवर तो बुटका राहतो. वाफ अधिक आणि तिला पसरायला जागा कमी, अशा कोंडीत दमटपणा साचतो.

माणूस गार राहतो तो घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. हवा आधीच दमट असेल तर घाम नुसता निथळतो, उष्णता अंगातच राहते आणि हृदयावर ताण येतो. त्यामुळे अशा शिवारात पारा अंशभर उतरलेला दिसला तरी तिथे भर दुपारी खुरपणी करणाऱ्या बाईसाठी ती हवा अधिक धोक्याची असू शकते. फक्त पारा पाहून दिलेला इशारा तिच्यापर्यंत वेळेत पोहोचतच नाही. उष्णतेच्या कृती आराखड्यांत ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीचे, म्हणजे वेट-बल्बचे, तापमान कमाल तापमानाच्या बरोबरीने यायला हवे ते यासाठी.

दुसरा फटका पावसाला आहे. मुंबई आयआयटी, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि हैदराबाद विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२३ मध्ये नदीजोडचा परिणाम मॉडेलमध्ये तपासला. नद्या जोडून सिंचन वाढवले तर आधीच पाण्याची टंचाई असलेल्या भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सप्टेंबर हा साधा महिना नव्हे. धरणांत अखेरची भर पडते ती तेव्हा आणि रब्बीची ओल साठते तीही तेव्हाच. कालव्याने दिलेले आभाळाने काढून घेतले, तर टंचाईग्रस्तांच्या पदरात काय?

यावर आक्षेप येईल की, हे सारे संगणकातले आहे. तो अगदीच चुकीचा नाही. मॉडेलची एक चौकट अनेक किलोमीटरची, शेतकऱ्याचे रान दोन एकरांचे. भाताला किती पाणी तुंबवले, उसाला किती पाळ्या दिल्या, याची आकडेवारीही तोकडी. पण यातून निघणारा धडा मॉडेल बाजूला ठेवण्याचा नाही, मातीची ओल आणि बाष्पीभवन जागोजागी मोजून ते सुधारण्याचा आहे. पूल बांधतानाही भाराचे गणित आधीच मांडतात. तो कोसळल्यावर नव्हे.

सिंचन थांबवा, असे यातले कोणतेही संशोधन सांगत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवेच आहे. प्रश्न किती, कुठे आणि कसे, एवढाच आहे. केन-बेतवा जोडणीची पायाभरणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली. विदर्भात वैनगंगा-नळगंगा योजनाही पुढे सरकते आहे. अशा प्रकल्पांच्या छाननीत बुडीत क्षेत्र, जंगल आणि विस्थापन यांची चर्चा होते. त्याच कागदांत आणखी एका प्रश्नाचे उत्तर सक्तीचे करावे: या पाण्याने पाऊस आणि दमटपणा किती बदलेल? ते उत्तर शोधू शकणारे शास्त्रज्ञ मुंबईत आणि पुण्यातच आहेत. त्यांना विचारायचे ते कालवा खोदण्याआधी.