हॅशटॅग टेकडी

रविवारी पहाटे पाचला डोळे चोळत मोबाइल चाचपडायचा आणि पहिल्यांदा दिसणार काय, तर बॉसचा मेसेज! 'सोमवारच्या प्रेझेंटेशनचं कुठपर्यंत आलं?' अरे देवा! मी बघायला गेले होते आज टेकडीवर किती वाजता भेटायचं ते. पण करणार काय? ऑफिस आणि टेकडी, दोन्ही आता एकाच ऍपमध्ये नांदतात.

थांबा, नीटच सांगते. आमचा एक ग्रुप आहे. वेताळ टेकडीवर आठवड्यातून तीनदा पळणारा... म्हणजे निम्मे पळतात, निम्मे चालतात आणि नंतर पोहे मात्र शंभर टक्के हजेरीनं खातात. चाळीसेक टाळकी. फी नाही, कोच नाही, एकसारखे टी-शर्टसुद्धा नाहीत. आयटीवाले भरपूर, दोघी बँकेतल्या, एक फिजिओथेरपिस्ट ताई आणि आमचे काका. काका पासष्टीचे, रिटायर्ड. ग्रुप खरं तर त्यांनीच जमवला. एकटे चढायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, 'काय रे, उद्या येतोस का?' झाला ग्रुप!

आधी आम्ही व्हॉट्सऍपवर होतो. तिथं गुलाबाची फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस. या ढिगाऱ्याखाली 'उद्या पावणेसहा, एआरएआयच्या बाजूनं' हा निरोप गाडलेला. उकरा आता! शेवटी आमच्यातल्या प्रोजेक्ट मॅनेजरनं (टेकडीवरसुद्धा तो प्रोजेक्ट मॅनेजरच असतो) फर्मान काढलं, स्लॅकवर जाऊ या.

स्लॅक म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, दिवसाचे दहा तास त्यातच जातात. पण त्याच्या जन्माची गोष्ट सही आहे. 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या टीमनं आपसात बोलायला हे घरगुती टूल केलं होतं. गेम २०१२ मध्ये गुंडाळला. टूल २०१३ मध्ये बाहेर आलं आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्सनं त्या कंपनीसाठी २७ अब्ज डॉलरहून जास्त मोजले. खेळ बुडाला, गप्पा तरल्या!

आणि खरं सांगते, आमचं काम झक्कास चाललं. #टेकडी या चॅनेलवर फक्त वेळ आणि जागा, बाकी एक अक्षर नाही. #सिंहगड वर आतकरवाडीला कोण कुणाच्या गाडीतून येणार, ते. #पोहे बद्दल काय बोलावं! सगळ्यात गर्दी #गुडघा वर. तिथं ताई एकेकाचं दुखणं ऐकून घ्यायच्या, धागा वेगळा, म्हणजे माझ्या टाचेत तुझी कंबर घुसत नाही. दर शनिवारी रात्री नऊला आपोआप आठवण यायची, येणाऱ्यानं अंगठा द्यायचा. फुकटच्या प्लॅनमध्ये ९० दिवसांमागचं दिसत नाही, म्हणून रस्त्यांची माहिती तेवढी एका शीटमध्ये उतरवून ठेवली.

मग हळूहळू ऑफिस शिरलं. मॅनेजरसाहेबांनी #स्टँडअप काढलं. काल किती किलोमीटर, आज किती, ब्लॉकर काय? 'ब्लॉकर : सासूबाई' असं एकीनं लिहिलं तेव्हा आम्ही जाम हसलो. पण त्यातून रोजची क्रमवारी निघाली आणि मागचे गप्प झाले. बँकेतली मला म्हणाली, 'तीन किलोमीटर लिहायला लाज वाटते गं, त्यापेक्षा नकोच लिहायला.' थोड्या दिवसांनी ती यायचीच बंद झाली. मी त्यावर एक रडका चेहरा टाकला आणि विसरले.

काकांना ऍप मीच टाकून दिलं होतं. बॉसपासून वाचायला मी माझ्या फोनवर रात्री १० ते सकाळी ८ नोटिफिकेशन बंद ठेवते. तीच सेटिंग त्यांनाही लावून दिली. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची झोपमोड नको. मोठी हुशार ना मी!

जुलैतला शनिवार. पाऊस असा की बोलायची सोय नाही. रात्री अकराला चॅनेलवर ठरलं, टेकडीवर चिखल असेल, उद्या जंगली महाराज रोडवर पळू. पटापट बावीस अंगठे. सकाळी आम्ही बावीस जण रिकाम्या रस्त्यावर धम्माल पळालो, फोटो काढला, पोहे मागवले. नऊच्या सुमाराला मला काकांच्या नंबरवरून फोन आला. बोलत होत्या काकू.

'अगं, हे अजून घरी नाहीत. फोन इथंच ठेवून गेलेत. तुमच्याबरोबरच आहेत ना?'

हातातली पोह्याची प्लेट तशीच राहिली. बावीस अंगठे मोजले होते सगळ्यांनी. तेविसावा नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. पूर्वी पायथ्याशी जमलो की कुणीतरी हमखास विचारायचं, 'काका कुठायत?' आता विचारायला जागाच उरली नव्हती, यादी तयारच असायची.

तसेच रिक्षा करून एआरएआयच्या बाजूनं चढलो. खाणीच्या अलीकडे एका दगडावर काका बसलेले, शेजारी फिरायला आलेलं एक जोडपं. घोटा हा एवढा सुजलेला. पायथ्याशी सव्वासहापर्यंत आमची वाट बघून ते एकटेच निघाले होते आणि उतरताना चिखलात पाय सटकला. आम्हाला बघून म्हणाले, 'काय रे, आज कुणालाच जाग आली नाही होय?' रागावले असते तर बरं झालं असतं.

फ्रॅक्चर नव्हतं, नशीब. तीन आठवडे सक्तीची विश्रांती. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि ती सेटिंग मीच केली होती हे सांगितलं. ते म्हणाले, 'कुठली सेटिंग?' मग मला परत सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं, माझी चूक मलाच मराठीत!

#स्टँडअप बंद केलं. मॅनेजरसाहेब दोन दिवस फुगून होते, आता ठीक आहेत. रात्री नऊनंतर जागा बदलली, तर ज्यांचा अंगठा दिसत नाही त्यांना फोन करायचा. हे काम माझ्याकडे आहे. काही जण झोपेत शिव्या देतात, देऊ देत. बँकेतलीलाही फोन केला. 'बघते' म्हणाली. अजून आलेली नाही.

काकांनी परवा स्लॅकवर आयुष्यातला पहिला मेसेज टाकला. #गुडघा वर. 'गुडघा उत्तम. घोटा नाही. पोहे घरी पाठवा.'