जुन्या वळणाची नवी हॉट रॉड खोटी असते का? #थ्रेड

अमेरिकेत आजही काही कारागीर अशी गाडी घडवतात, जी पाहणाऱ्याला १९४८ सालची वाटावी. छप्पर नाही, मडगार्ड नाहीत, पुढची काच ठेंगणी, इंजिन उघडे. पोलादी बॉडी मात्र कधीकधी अगदी नवी, हल्लीच्या कारखान्यात तयार झालेली असते. अशा ‘ट्रॅडिशनल’ हॉट रॉड रोडस्टरला नक्कल म्हणून निकालात काढण्याची सवय इतिहासप्रेमींना आहे. तो निकाल घाईचा आहे.

मूळ कथा १९३२ ची. ऐन मंदीत फोर्डने सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यातील गाडीत व्ही-८ इंजिन बसवले. ताकद ६५ अश्वशक्ती. रोडस्टर हा तिचा उघडा, हलका प्रकार. काही वर्षांनी ती जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांच्या हाती पडली. वजन घटावे म्हणून त्यांनी मडगार्ड उतरवले, वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून काच कापली, आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्याच्या सपाटीवर घड्याळ लावून गाड्या पळवल्या. १९३७ मध्ये तेथील क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. आज जी ‘शैली’ म्हणून मिरवते, ती तेव्हा निव्वळ काटकसर आणि गणित होती.

आता खरी गंमत ब्रेकची. १९३२ च्या फोर्डला यांत्रिक ब्रेक होते. १९३९ मध्ये फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले आणि या पोरांनी ते भंगारातून काढून जुन्या गाड्यांना जोडले. १९५५ मध्ये शेव्हरोलेचे नवे, आटोपशीर व्ही-८ आले, तेव्हा अनेकांनी फोर्डचे जुने इंजिन खुशाल उतरवून ठेवले. म्हणजे या परंपरेचा गाभाच बदल हा होता. अमुक सालानंतरचा एकही भाग चालणार नाही, असे सोवळे आज पाळणारी मंडळी त्या पिढीचे रूप जपतात. तिची वृत्ती नव्हे.

तरीही त्यांचे काम मोलाचे आहे. पत्रा हाताने वळवणे, गॅस वेल्डिंग, सांध्यांत शिसे भरून पृष्ठभाग सफाईदार करणे, ही विद्या पुस्तकात टिकत नाही. ती हातातच टिकते. शिवाय प्रत्येक नव्या बॉडीमागे एखादी अस्सल, न कापलेली १९३२ ची गाडी करवतीपासून वाचण्याची शक्यता असते.

अस्सल हॉट रॉडचा मान वेगळाच. डोन स्पेन्सर यांची १९३२ ची रोडस्टर १९९७ मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात, हॉट रॉडसाठी प्रथमच ठेवलेल्या गटात पहिली आली. एकेकाळी घरच्या गॅरेजात कापाकापी झालेली गाडी तेथे श्रीमंतांच्या ड्यूसेनबर्गांच्या पंगतीला बसली. अशा गाडीवरचा प्रत्येक छेद हाच दस्तऐवज. तिला पुन्हा कारखान्यातल्यासारखी करणे म्हणजे तो पुसणे.

आक्षेप घ्यायचाच तर तो कृत्रिम गंजावर घ्यावा. नव्या पत्र्यावर आम्ल टाकून, रंग घासून, दारावर कधीच नसलेल्या क्लबचे अर्धवट पुसलेले नाव रंगवणारे कारागीरही आहेत. जुन्या कोऱ्या कागदावर आज मोडी मजकूर लिहून तो पेशवेकालीन म्हणून खपवणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच त्यांनाही म्हणावे. चकचकीत नवा रंग ल्यालेली, घडवल्याचे साल उघड सांगणारी रोडस्टर त्यांच्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.