फी माफ झाली, पण कागद तयार आहेत का?

बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यात एकच विषय असतो: पुढे काय? मुलगा इंजिनिअरिंगला जाणार की दुकानावर बसणार? मुलीला शहरात पाठवायचं की जवळच्या कॉलेजात बीए करू द्यायचं? आपल्या बहुतेक घरांत याचा फैसला मार्कांपेक्षा पैशांवर होतो. म्हणून हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

केंद्राने हात आखडता घेतलाय, हे खरंच आहे. 2022 मध्ये संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद करण्याची घोषणा झाली. 'पढो परदेश' ही व्याज सवलतीची योजनाही थांबली. राज्यात 2014 चा 5 टक्के आरक्षणाचा अध्यादेश कायद्यात उतरलाच नाही. देशात उच्च शिक्षण घेणारे मुस्लिम विद्यार्थी 2019-20 मध्ये सुमारे 21 लाख होते. कोविडच्या 2020-21 या वर्षात ते सुमारे 19 लाखांवर आले. पुढच्या वर्षी आकडा सावरला, पण आपली घडी किती नाजूक आहे ते दिसलं.

हक्कासाठी आवाज उठवायलाच हवा. पण जे मिळतंय, तेही आपण सोडून देतो. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने मोठा निर्णय घेतला. 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की माफी गेली.

मोमीन, तांबोळी, अत्तार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. अडचण कागदाची आहे. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं, मग आजोबांचे जुने पुरावे शोधत फिरावं लागतं. त्यात जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर आलंच. ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांनी तहसीलमधून ईडब्ल्यूएस दाखल्याची चौकशी करावी. निकालानंतर धावपळ करून हे होत नाही. मूल दहावीत असतानाच फाईल तयार ठेवावी.

फी माफ म्हणजे सगळं फुकट, असंही नाही. होस्टेल, मेस, प्रवास, पुस्तकं हा खर्च राहतोच. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती आधी तपासावी. कुणी डोनेशन मागितलं तर 1987 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. पावती नसलेला एक रुपयाही देऊ नये. एजंटच्या हातात मूळ कागद तर कधीच नको.

कर्जाचा प्रश्न अनेक घरांत व्याजापाशी अडतो. तिथे स्वस्त वाट आधीच निवडणं शहाणपणाचं. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, एक वर्षाचा खर्च वाचतो. आयटीआय करून अप्रेंटिसशिप केली तर शिकता शिकता स्टायपेंड मिळतो. यात कमीपणा कसला? नोकरी न देणारी महागडी डिग्री जास्त जड पडते. कॉलेजच्या जाहिरातीवर जाऊ नका. तिथून दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या चार मुलांना विचारा: काम मिळालं का, पगार किती?

आणि मुलींबद्दल एक गोष्ट. उच्च शिक्षणातल्या आपल्या विद्यार्थ्यांत आज जवळपास निम्म्या मुली आहेत. पैसे कमी पडले की आधी तिचं शिक्षण थांबवायचं, ही सवय आता हिशेबातही बसत नाही, कारण फीची सर्वात मोठी सवलत तिच्याच वाट्याला आली आहे.

जमाती आणि मशीद कमिट्यांना आमची विनंती आहे: निकालानंतर सत्कार जरूर करा, पण त्याआधी हिवाळ्यात दाखल्यांचं एक शिबिर घ्या. जकातीच्या रकमेतून गरजू मुलांच्या होस्टेलचा विचार करा. एका दाखल्यावाचून कुणाची सीट जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.