खिडकीच्या मापाच्या पेट्या

१९९४ साली उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि मेक्सिकोची सरहद्द मालाला व भांडवलाला खुली झाली. मजुरांना अडविणारा पहारा अमेरिकेने त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सीमेवर वाढविला! वाढत्या वाहतुकीत अमली पदार्थ सहज दडले; नफा बँकांनी धुऊन दिला. एचएसबीसीच्या मेक्सिकोतील शाखांत तस्कर रोकड भरीत ती खिडकीच्या नेमक्या मापाने बनविलेल्या पेट्यांतून, असे अमेरिकेच्या न्याय खात्यानेच नमूद केले आहे. निदान ८८ कोटी डॉलर असे पांढरे झाले. २०१२ मध्ये बँकेने सुमारे १९२ कोटी डॉलर भरले आणि खटला टळला. एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही. चार पुड्यांसह सापडलेल्या गरीब पोराशी अशी तडजोड कोणते सरकार करते? बँकेवर खटला भरल्यास वित्तव्यवस्था डळमळेल, असा इशारा ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी अमेरिकेला आधीच दिला होता.