फोटोत पाहिलेलं चालतं

बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि विषय घरचाच आहे. आईला कदाचित आवडणार नाही. तरी लिहितो.

२४ ऑक्टोबर १९९५. ऐन दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण आलं होतं. उत्तर भारताच्या एका पट्ट्यात खग्रास, आमच्या मेहकरला खंडग्रास. धाकटी बहीण तेव्हा आईच्या पोटात होती. आजीने आईला आतल्या खोलीत निजवलं, दार-खिडक्या लावल्या, विळी आणि सुई लांब ठेवली. मलाही तिथेच बसवलं.

पण छप्पर पत्र्याचं, आणि पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं. त्यातून समोरच्या भिंतीवर रोज उन्हाचे गोल कवडसे पडायचे. त्या दिवशी एकेक कवडसा झिजत गेला आणि भिंतभर चंद्रकोरी उमटल्या! प्रत्येक भोक सूर्याचं चित्र पाडत होतं, हे मला फार नंतर कळलं. आई आणि मी बघत राहिलो. आजीला दोघांनीही सांगितलं नाही.

आता गेल्या वर्षांतली गोष्ट. ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपदी पौर्णिमा, खग्रास चंद्रग्रहण. तीच बहीण माहेरी आलेली, सातवा महिना. दुपारपासून वेध म्हणून तिने नीट खाल्लं नाही. रात्री मी ट्रायपॉड घेऊन गच्चीवर गेलो. ती जिन्यापर्यंत आली. आई एवढंच म्हणाली, "तू नको." मी काही बोललो नाही. वाद नको म्हणून एकटाच वर गेलो.

अकरानंतर चंद्र तांबूस झाला. पृथ्वीच्या वातावरणातून गाळून, वळून आलेला लाल उजेड त्याच्यावर पडतो, त्याचा हा रंग. तेव्हा चंद्र इतका मंद असतो की नेहमीच्या सेटिंगवर फोटोत काळोखच येतो. शटर सेकंदभर उघडं ठेवावं लागतं. ढगांच्या फटीतून एक फोटो बरा आला, तो तिला पाठवला. खालून मेसेज आला, "दादा, फोटोत पाह्यलं तर चालते ना?"

हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

कारण ग्रहणाच्या फोटोंचा इतिहास वाचताना तळणी हे नाव भेटलं. आपल्याच वऱ्हाडातलं, धामणगाव आणि पुलगावच्या मधलं छोटं रेल्वे स्टेशन. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गावरून, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून तळणीकडे गेली. नकाशावर जेऊर-तळणी पट्टी ठेवून पाहा, ती आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडून जाते. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला होते. तळणीला इंग्लंडहून आलेल्या हौशी आणि जाणत्या निरीक्षकांची तुकडी होती. त्यात ॲनी माँडर ही बाई होती. ग्रिनिच वेधशाळेतली नोकरी तिला लग्नामुळे सोडावी लागली होती. जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखात, दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने तिने सूर्याच्या प्रभामंडळाचा फोटो काढला. त्यात एक किरण लाखो मैल लांब पसरलेला दिसला. एवढा लांब किरण तोवर कोणाच्या फोटोत आला नव्हता.

म्हणजे आपल्या मातीतून काढलेला ग्रहणाचा सगळ्यात मोलाचा फोटो एका बाईचा आहे. आणि सव्वाशे वर्षांनी आपल्या घरातली बाई जिन्यावर उभी राहून विचारते, फोटोत चालतं ना?

माझं मत सांगतो. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी, कोणीही, कितीही वेळ पाहावं. सूर्यग्रहणात जपायचं ते डोळ्यांना, आणि ते सगळ्यांनीच: प्रमाणित ग्रहणचष्मा हवा, एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच नको, कॅमेऱ्याच्या भिंगापुढेही सूर्याचा फिल्टर हवा. पोटातल्या बाळाला ग्रहणाने काही होतं याला कुठलाही पुरावा नाही. बाईला तासन्‌तास उपाशी आणि तहानलेलं ठेवण्याचा त्रास मात्र खरा आहे.

भाची झाली, छान आहे. पण त्यावरून "बघा, पाळलं म्हणून" असं कोणी म्हणू नये. बहिणीच्या वेळी ग्रहण भिंतीवर आलंच होतं. आई, तुला आठवतं ना?

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा आहे, ढग असतीलच. पण या वेळी एकटा गच्चीवर जाणार नाही. एका पुठ्ठ्याला खिळ्याने भोकं पाडून ठेवणार आहे, आणि तो पुठ्ठा आईच्या हातात देणार आहे.