‘चरणदास चोर’ : मैदानातून वर्गात येताना

भिलाई : हबीब तन्वीर यांचे ‘चरणदास चोर’ माध्यमिक वर्गात शिकवावे काय, या प्रश्नाचा विचार छत्तीसगडमध्ये २००९ ची घटना वगळून करता येत नाही. त्या वर्षी ८ जून रोजी तन्वीर यांचे निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांतच राज्य सरकारने शाळांच्या वाचन उपक्रमातून हे पुस्तक हटविले. त्यातील काही उल्लेखांवर सतनामी समाजातून हरकत घेण्यात आली होती.

भिलाईला हा विरोधाभास अधिक जाणवावा. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर बेतलेल्या या नाटकाचे आरंभीचे रूप तन्वीर यांनी १९७४ च्या सुमारास येथील कार्यशाळेत घडविले आणि ‘चोर चोर’ या नावाने खुल्या मैदानात, सतनामी प्रेक्षकांपुढेच सादर केले. खोटे न बोलण्याचे गुरूला दिलेले वचन प्राण देऊन पाळणारा चोर ही त्याची कथा. सत्यनामाचा उपदेश करणाऱ्या गुरू घासीदासांच्या पंथाशी तिचे नाते उघड आहे. पंथी गीतेही नाटकात आली. १९८२ मध्ये एडिंबरा महोत्सवात ते गौरविले गेले.

तरीही शिक्षकाची अडचण केवळ भित्रेपणा म्हणून झटकता येणार नाही. प्रेक्षक स्वेच्छेने नाट्यगृहात जातो. विद्यार्थ्याला ती मुभा नसते. जातीविषयी एखादा बोचरा शब्द मोठ्याने वाचला गेला, तर वर्गाच्या नजरा कोणाकडे वळतील, हे शिक्षकाला ठाऊक असते. मराठी वाचकाला येथे १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’चा वाद आठवेल. मात्र तेथे दुखावल्याची तक्रार प्रतिष्ठित वर्गाची होती. येथे ती शतकानुशतके अवहेलना सोसलेल्या समाजाची आहे. दोहोंना एकच माप लावणे अन्यायाचे ठरेल.

भाषेचा मुद्दा मात्र नाटकाच्या बाजूचा आहे. दुर्ग परिसरातील ग्रामीण मुलांची घरची छत्तीसगढी या संवादांतून पाठ्यग्रंथाचा मान मिळवते. पोलाद कारखान्यामुळे येथे स्थिरावलेल्या मराठी, तेलुगू, बंगाली कुटुंबांतील मुलांना शेजाऱ्याची बोली कळते. नाचा कलावंतांच्या उत्स्फूर्ततेवर उभे राहिलेले हे नाटक नुसते वाचून निम्मेच हाती लागते, हेही खरे; ते वर्गात उभे करावे लागते.

त्यासाठी निवडक प्रवेश, वादग्रस्त उल्लेखांवर टिपा, शिक्षकांसाठी मार्गदर्शिका आणि समाजाच्या प्रतिनिधींशी आधीच चर्चा, असा मार्ग उपलब्ध आहे. पुस्तक हटविण्याच्या आदेशाने त्यांपैकी एकही पर्याय शिक्षकाच्या हाती ठेवला नाही.