गड राहील, पाय जपा

गेल्या मार्चमध्ये एक तरुण पायाला प्लास्टर घालून माझ्याकडे आला. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने तो हरिश्चंद्रगडावर निघाला होता. ही वाट म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली उभी घळ. पाणी निम्म्यावरच संपले. डोके दुखू लागले, मळमळले, पायांत गोळे आले. तरी गडी चढतच राहिला. शेवटी पाय घसरून घोटा मोडला. गावकऱ्यांनी झोळीतून खाली आणेपर्यंत मध्यरात्र उलटली.

घरचे वाटेला दोष देतात. माझे मत वेगळे आहे. घसरण्यापूर्वी तासभर त्याचे शरीर ‘थांब’ म्हणून सांगत होते. अंगातले पाणी व क्षार कमी झाले की तोल जातो, विचारही मंदावतो. अशा वेळी सावलीत बसावे, जलसंजीवनी घोट घोट घ्यावी आणि बरे वाटले तरी पुढे चढू नये. सोबती बरळू लागला व अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. अंग ओले करून वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी मुळीच घालू नये. मानेला किंवा पाठीला मार असल्यास ओढाओढ न करता मदत बोलवावी. १०८ ची गाडी पायथ्यापर्यंतच येते. पुढे माणसांचेच खांदे लागतात.

म्हणून निघताना गावात सांगून जा आणि अर्धे पाणी संपण्यापूर्वीच परत फिरा. झोळी उचलणाऱ्यांचीही घरी कोणीतरी वाट पाहत असते.